ब्रश कटर जपून कसा चालवायचा? खान्देशातल्या शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मृगाचा पाऊस पडून गेला की पंधरा-वीस दिवसांत बांध, नाल्यांचे काठ आणि केळीच्या बागेतली मोकळी जागा गवताने भरून जाते. मग गावोगावी ब्रश कटरचा, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला नायलॉनची दोरी किंवा लोखंडी पातं फिरवून गवत कापणाऱ्या मशीनचा, आवाज सुरू होतो. निंदणीला बाया वेळेवर मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून हे मशीन आता रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत सगळीकडे पोहोचलं आहे. दुकानात ते चालू करून दाखवतात, पट्टा खांद्यावर अडकवून देतात आणि बाकीचं आपल्यावर सोडतात. गवत कापायला माणूस अर्ध्या तासात शिकतो. पण डोळा, पाय आणि शेजारी उभा असलेला माणूस कसा सांभाळायचा, हे कोणी बसून सांगत नाही. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

पातं तर पायापासून चार-पाच फूट लांब असतं. मग धोका कशाचा?

उडणाऱ्या वस्तूंचा. कापल्या जाण्यापेक्षा मार लागण्याचे प्रकार जास्त असतात.

साधा हिशोब करून पाहा. नायलॉनच्या दोरीचा फिरण्याचा व्यास ४० सेंटीमीटर धरला, तर एका फेऱ्यात दोरीचं टोक सव्वा मीटर जातं. मशीन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले, म्हणजे सव्वाशे मीटर. ताशी साडेचारशे किलोमीटर! या वेगाच्या टोकाला हरभऱ्याएवढा खडा लागला तरी तो कुठे जाईल हे सांगता येत नाही.

आपल्याकडे काळी जमीन, तिच्यात दगड नाहीत, असं बरेच जण म्हणतात. शेतात नसतीलही, पण शेतातून वेचलेले दगड वर्षानुवर्षं कुठे टाकले? बांधावरच. आणि ब्रश कटर सगळ्यात जास्त चालतो तोही बांधावरच. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड शेतांत तर प्रश्नच नको. त्याशिवाय फुटलेल्या बाटल्या, कुंपणाच्या तारेचे तुकडे, ठिबकचे तुटके जॉइंटर आणि लोखंडी खिळे असतातच. मशीन सुरू करण्याआधी हातात काठी घेऊन ती पट्टी एकदा चालून या. दगड-काच बाजूला करा, जे हलवता येत नाही तिथे खूण म्हणून फांदी रोवा. एवढं केलं की निम्मं काम सुरक्षित झालं असं मी समजतो.

नायलॉनची दोरी लवकर झिजते. तिच्याऐवजी गाडीची क्लच वायर किंवा बाइंडिंग तार लावली तर?

नाही. कधीच नाही. हा प्रश्न इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण हे जुगाड गावात एकाने केलं की दहा जण करतात.

नायलॉनची दोरी दगडावर आपटली तर झिजते किंवा तिचा बारीक तुकडा पडतो. तो हलका असतो, लांब गेला तरी बहुतेक वेळा जोर संपलेला असतो. लोखंडी तार दर फेऱ्याला वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. सेकंदाला शंभर वेळा. थोड्याच वेळात ती थकते आणि तुटते. तुटलेला तुकडा दोन-तीन इंचांचा, टोकदार आणि जड असतो. तो कपड्यातून मांडीत शिरतो, मांसात खोल जातो. समोरच्या माणसाच्या गळ्याला किंवा डोळ्याला लागला तर काय होईल, ते लिहायला नको. तारेला गार्डही (पात्यामागचं, पायांच्या बाजूचं संरक्षक झाकण) पुरेसं अडवू शकत नाही.

साखळीचे तुकडे किंवा जोडाची लोखंडी पट्टी लावलेली डोकी (दांड्याच्या टोकाला बसणारा फिरता भाग) काही ठिकाणी विकायला असतात, त्यांचंही तेच. अशा डोक्याची कडी सुटून माणूस दगावल्यावर युरोपीय संघाने २०१२ साली ब्रश कटरसाठीच्या या प्रकाराच्या विक्रीवर बंदी घालायला लावली. दुकानात मिळतं म्हणून ते चालतं, असं समजू नका.

दोरी फार झिजत असेल तर कारणं वेगळी असतात. दोरी बुडख्याशी घासू नका, टोकाने कापा. उन्हात पडून दोरी कडक झाली असेल तर ती वापरण्याआधी एक-दोन दिवस पाण्यात भिजत ठेवा, नायलॉन पाणी पिऊन पुन्हा लवचीक होतं. आणि जाडी मशीनच्या डोक्याला बसेल तेवढीच घ्या, साधारण २.४ ते ३ मिलिमीटर.

गार्डमध्ये गवत अडकतं, म्हणून ते काढून ठेवलं आहे. चालेल का?

चालणार नाही. गार्डची दोन कामं असतात. तुमच्या पायांकडे येणारा मारा ते अडवतं, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं काम कोणी सांगत नाही. नायलॉनच्या दोरीसाठीच्या गार्डला खालून एक छोटं पातं असतं, ते दोरी ठरलेल्या लांबीवर कापतं. गार्ड काढलं की दोरी लांब राहते, घेर मोठा होतो, इंजिनवर ओझं येतं, क्लच तापतो आणि टोकाला मिळणारा मार आणखी वाढतो. काम पटकन होतंय असं वाटतं खरं, पण पेट्रोल जास्त जळतं आणि नडग्या उघड्या पडतात.

गवत अडकत असेल तर उंच गवत एकदम बुडाशी कापू नका. वरचा भाग आधी, मग खालचा, असे दोन टप्पे करा.

गवत गुंडाळलं तर?

इंजिन पूर्ण बंद करा. नुसता एक्सलेटर सोडून हात घालू नका. मग डोकं थांबलं आहे हे डोळ्यांनी पाहा, प्लगची टोपी काढा आणि हातमोजा घालून गवत सोडवा. केळीचे सोप आणि हरळीच्या वेली फार चिवट गुंडाळतात, त्यासाठी खिशात छोटी सुरी असू द्या.

याच वेळी एक तपासणी होते. एक्सलेटर सोडल्यावर पातं फिरायचं थांबलं पाहिजे. ते हळूहळू फिरतच राहत असेल तर इंजिनची कमी गती जास्त ठेवलेली आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे. असं मशीन दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

दोरी कुठे, लोखंडी पातं कुठे?

कोवळं गवत, केना, घोळ, लव्हाळा, ठिबकच्या आसपास, झाडाच्या जवळ: दोरी. जाड देठाचं गाजरगवत, बांधावरचा आघाडा, कुंदा: तीन दातांचं पातं. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), लहान बाभळीची खुंटं: जास्त दातांचं गोल पातं. कपाशी उपटण्याऐवजी कापायची असेल तर दोरीने काहीच होत नाही, उलट दोरी संपते.

लोखंडी पात्याचा एक धोका मात्र नीट समजून घ्या. वरून पाहिलं तर बहुतेक ब्रश कटरचं पातं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. पात्याच्या जागी घड्याळ आहे असं समजा, १२ तुमच्या समोर, ३ उजव्या हाताला. यातल्या १२ ते ३ या भागाने खुंट किंवा दगड धरला की पातं कापत नाही, तर झटका देऊन उजवीकडे आणि मागे उसळतं. तुमचा तोल जातो आणि ते वेगाने फिरणारं पातं शेजाऱ्याच्या दिशेने फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झाडत जा, पात्याच्या डाव्या बाजूने कापा आणि परत येताना कापू नका. जाड खुंटावर पातं आपटू नका. इंजिन पूर्ण वेगात आणून मग हळूच टेकवा.

पात्याचा नट बहुतेक मशीनवर उलट्या आट्याचा असतो, म्हणजे नेहमीच्या सवयीने घट्ट करायला गेलात तर तो सैल होतो. तडा गेलेलं, वाकलेलं किंवा दात मोडलेलं पातं वेल्डिंग करून पुन्हा लावू नका. ते सरळ भंगारात द्या.

पऱ्हाटी कापून झाल्यावर शेतात तिरक्या, टोकदार खुंटाऱ्या उभ्या राहतात. चपलेतून पायात घुसायला त्या पुरेशा असतात. बुडाशी आणि आडवं कापा, आणि नंतर बाया वेचणीला किंवा गुरं चारायला येणार असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा.

अंगावर काय घालायचं? आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ अंश असतं.

डोळ्यांचा चष्मा आधी. साधा गॉगल नाही, तर बाजूनेही झाकणारा, न फुटणाऱ्या प्लास्टिकचा. नुसती जाळीची ढाल बारीक कण अडवत नाही, म्हणून जाळीच्या आत चष्मा हवाच. मग घोट्याच्या वरपर्यंतचा बूट, जाड फुलपँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. गमबूट घातला तरी चालेल, आणि साप-विंचवाच्या दृष्टीने तो बराच.

कान विसरू नका. या इंजिनांचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ९५ डेसिबलच्या आसपास असतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. ऐकू येणं हळूहळू कमी होतं आणि गेलेलं परत येत नाही. फोमचे कानबोळे अगदी स्वस्तात मिळतात.

खांद्यावरचा रुमाल, गळ्यातला गमछा, लुंगी आणि सैल धोतर हे मशीन चालवताना नको. डोक्याला रुमाल बांधायचा असेल तर दोन्ही टोकं आत खोचा. बाई मशीन चालवत असेल तर साडीऐवजी पँट किंवा पायजमा आणि वरून मोठा शर्ट घालावा, वेणी आत घ्यावी, ओढणी काढून ठेवावी. हे सांगितलं की लोक हसतात, पण फिरत्या डोक्याने कापड खेचलं तर ते सोडवायला वेळ मिळत नाही.

उन्हाचं म्हणाल तर उपाय कपडे कमी करणं हा नाही, वेळ बदलणं हा आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते नऊ-साडेनऊ, बस. घामाने चष्म्यावर वाफ धरते म्हणून तो कपाळावर ढकलला जातो आणि नेमकं तेव्हाच काहीतरी लागतं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी मशीन बंद करून सावलीत पाणी प्या, चष्मा पुसा. याने हातांनाही विसावा मिळतो. सतत कंपनामुळे बोटं बधिर होणं, पांढरी पडणं, रात्री मुंग्या येणं ही लक्षणं दिसली तर दुर्लक्ष करू नका.

बाकीच्यांनी किती लांब थांबायचं?

किमान १५ मीटर, म्हणजे साधारण ५० फूट, आणि हे चारही बाजूंनी. एकाच बागेत दोघं मशीन चालवत असतील तर दोघांमध्येही तेवढंच अंतर हवं.

खरी अडचण वेगळी आहे. एका सऱ्यात भाऊ मशीन चालवतो आणि शेजारच्या सऱ्यात बाया वाकून निंदणी करत असतात. वाकलेल्या माणसाचा चेहरा नेमका त्या उंचीवर असतो जिथून खडे जातात. त्यांना चष्मा नसतो, पाठ वळलेली असते, आणि इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. त्या दिवशी मशीन एका तुकड्यात आणि बाया दुसऱ्या तुकड्यात, एवढी आखणी मालकाने सकाळीच करावी. भाकरी घेऊन येणारं पोर मागून जवळ येतं, त्यालाही सांगून ठेवा: समोरून ये, लांबूनच हात दाखव, इंजिन बंद झाल्यावरच जवळ ये.

रस्त्याच्या कडेला कापताना गाडी आली की एक्सलेटर सोडा.

केळीच्या बागेत काय जपायचं?

ठिबकच्या नळ्या आणि खोड. नळी गवतात दिसत नाही आणि दोरीच्या एका फटक्यात फाटते. आधी नळ्या खोडाच्या बाजूला सरकवून घ्या किंवा उचलून टांगा. खोडापासून वीतभर जागा हाताने निंदा. दोरीने केळीच्या खोडाला जखमा होतात आणि अशा जखमांतून सड शिरते.

बाग आणि बांध स्वच्छ ठेवण्याचं कारण फक्त दिसणं नाही. केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणू मावा किडीमुळे पसरतो आणि बांधावरची अनेक तणं त्याला आसरा देतात. म्हणून कापायचं ते तण फुलायच्या आधी, वेळेवर.

गाजरगवत कापल्यावर अंगाला खाज सुटते.

सुटणारच. दोरी गाजरगवत कापत नाही, त्याचा चुरा करून उडवते, आणि तो रस-परागकण घामेजल्या मानेवर बसतात. काहींना यातून कायमची त्वचेची ऍलर्जी लागते, काहींना दमा वाढतो. पूर्ण बाह्या, मास्क, काम संपल्यावर साबणाने अंघोळ आणि त्या दिवशीचे कपडे वेगळे धुणं, एवढं करा. ज्याला एकदा त्रास झाला आहे, त्याच्याकडे हे काम पुन्हा देऊ नका.

बांधावर रुई आणि थोर असतात, त्यांच्या बाबतीत आणखी काळजी घ्या. त्यांचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. ही झाडं मशीनने नको, कोयत्याने खालून तोडा. तणनाशक नुकतंच मारलेल्या जागीही मशीन चालवू नका.

सापाचं काय?

घोणस डिवचली गेली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते आणि आपण थांबतो. ब्रश कटर चालू असताना, कानात बोळे असताना, ते ऐकू येत नाही. म्हणून मशीन सुरू करण्याआधीची काठीची फेरी दुप्पट महत्त्वाची. गवत आपटत, पाय आपटत जा, सापाला निघून जायला वाट ठेवा. दगडांच्या ढिगाला, उंदरांच्या बिळांना आणि कडब्याच्या गंजीच्या बुडाला खेटून मशीन घालू नका.

दंश झालाच तर आवळपट्टी बांधू नका, चिरा मारू नका. माणसाला चालवू नका, तो पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठा. विषावरचं औषध तिथे असतं, भगताकडे नाही.

पेट्रोलमध्ये ऑइल किती? आणि शेतात पेट्रोल कसं न्यायचं?

टू-स्ट्रोक इंजिनला टू-टी ऑइल मिसळावं लागतं. पुस्तिकेत १:५० असेल तर लिटरला २० मिलिलिटर, १:२५ असेल तर ४०. फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये पेट्रोलात काही मिसळायचं नसतं, ऑइल वेगळं भरायचं असतं. दोन्ही प्रकारची मशीन गावात आहेत, शेजाऱ्याचं ऐकून भरू नका. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला ओलावा लवकर धरतो, त्यामुळे मिसळलेलं पेट्रोल महिनाभराच्या वर ठेवू नका.

पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेणं ही आपल्याकडची सगळ्यात घातक सवय आहे. तहानलेला माणूस, तीच बाटली, तोच झाडाचा बुंधा. लहान मूल असेल तर विचारच नको. पेट्रोलसाठी घट्ट झाकणाचा वेगळा कॅन घ्या आणि तो लाल रंगाचा असू द्या. चुकून कोणी प्यायलंच तर उलटी करवू नका, लगेच दवाखान्यात न्या.

तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नका. दहा मिनिटं थांबा, टाकीभोवती सांडलेलं पुसा, आणि भरलेल्या जागेपासून तीन-चार मीटर लांब नेऊन मशीन सुरू करा. उन्हाळ्यात वाळलेल्या बांधावर गरम सायलेन्सर गवतावर टेकवला किंवा लोखंडी पातं दगडावर ठिणगी उडवून गेलं, तर आग शेजाऱ्याच्या गव्हाच्या फणकटात पोहोचते. फवारणीचा पंप साध्या पाण्याने भरून जवळ ठेवावा. आणि विडी पूर्ण बंद.

कुंपणाजवळ कसं कापायचं?

रोही आणि रानडुकरांसाठी लावलेली झटका तार असेल तर तिचं झटका मशीन आधी बंद करा. काटेरी तारेला दोरी अडकली तर तारेचा तुकडा तुटून उडतो, म्हणून कुंपणालगतची फूटभर पट्टी विळ्याने कापा. विहिरीपासून मोटरची केबल जमिनीवरून गेली असेल तर ती कुठून जाते ते बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका.

जळगावात बंगल्याच्या बागेसाठी विजेचा छोटा ट्रिमर घेतला आहे. त्यालाही एवढं सगळं?

चष्मा, बूट आणि अंतर तेच. वायर कायम पाठीमागे ठेवा, गवत ओलं असताना चालवू नका, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा गळती रोखणारा ब्रेकर नसेल तर आधी तो बसवून घ्या.

डोळ्याला काही लागलं तर पहिल्यांदा काय करायचं?

चीक, रस, पेट्रोल किंवा धूळ गेली असेल तर स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटं सतत धुवा आणि डॉक्टरकडे जा. खडा किंवा तार जोरात लागली असेल, डोळ्यात काही रुतलं असेल, रक्त दिसत असेल किंवा दिसायला कमी झालं असेल, तर मात्र धुऊ नका, चोळू नका, रुतलेलं काढू नका. कागदाचा कप किंवा स्वच्छ वाटी डोळ्यावर न दाबता धरा, वरून सैल पट्टी बांधा आणि त्याच दिवशी नेत्ररुग्णालयात पोहोचा. दूध, तूप, मध घालू नका. पहिल्या काही तासांत वाचणारा डोळा दुसऱ्या दिवशी वाचत नाही.

सालदाराला मशीन द्यायचं आहे. आमची जबाबदारी काय?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवं साल ठरतं, तेव्हा कपडे-धान्याचं बोलणं होतं तसं चष्मा, बूट आणि कानबोळ्यांचंही व्हावं, आणि ते मालकाने आणावेत. पहिले दोन दिवस मोकळ्या रानात दोरीनेच चालवू द्या, लोखंडी पातं नंतर. पट्टा त्याच्या उंचीला लावा आणि झटकन सोडायची कडी त्याच्याकडून पाच-सहा वेळा उघडून घ्या. ‘काही व्हत नही’ म्हणणाऱ्याला जास्त दाखवा. अठराच्या आतल्या मुलाच्या हाती मशीन देऊच नका.

पैशाचं संरक्षणही बघा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख आणि एक डोळा किंवा एक अवयव कायमचा गेल्यास १ लाख रुपये मिळतात, पण ते १० ते ७५ वयाच्या खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. सातबारा नसलेला सालदार त्यात बसत नाही. त्याच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वय १८ ते ७०, बँकेत खातं, वर्षाला २० रुपये, आणि एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेल्यास १ लाख. तिचं वर्ष १ जूनला सुरू होतं. आखाजी त्याच्या आधी येते, तेव्हाच त्याला बँकेत नेऊन अर्ज भरून घ्या आणि हप्ता तुम्ही द्या.